तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यात अंदमानला कशाला?

“सर, अंदमानला जायचंच होतं तर दिवाळीत जायचं की ओ. ऐन मे महिन्यात कशाला गेल्ता?”

स्टाफरूममध्ये, आमच्या सोलापूरच्या पार्क चौकात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर तोंडाला दाढीचा साबण फासलेला असताना हा प्रश्न मी ऐकलाय. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात. एवढे दिवस तिथं राहून केलंत काय? आणि पोरीला घेऊन एकटेच, तिच्या आईला इथं ठेवून? प्रत्येकाला अर्धंमुर्धं उत्तर देऊन मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आईचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात साधं आहे. बायकोची नोकरी अशी की मार्च ते जून रजेचं नावही काढता येत नाही. मी शाळामास्तर. लेक तेव्हा चौथीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. म्हणजे आम्हा दोघांना एकदम एवढी मोठी सुट्टी मिळणार ती उन्हाळ्यातच. बायको म्हणाली, “जावा तुम्ही. निदान पाणी आलेल्या दिवशी दोन माणसांचं कमी भरावं लागेल.” हे २०२४ सालचं बोलणं. त्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ च्या खाली यायला तयार नव्हता आणि आमचं उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. धरण उणे कसं असतं, म्हणजे वापराचं पाणी संपून तळाच्या राखीव साठ्याला कसा हात लागतो, हे परगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सोलापूरच्या पोराला ते पाढ्यांच्या आधी कळतं.

आता खरं कारण. मे महिन्यात आपल्याकडं पेपर उघडला की डोळे एकच बातमी शोधतात, ‘मान्सून अंदमानात दाखल’. चौकोनी नकाशा, त्यात बंगालच्या उपसागरात काढलेली एक वाकडी रेघ. ती बातमी आली की माणसं उगीचच आभाळाकडं बघायला लागतात. एप्रिलमध्ये घरात जुन्या पेपरची रद्दी बांधताना लेकीला तसलाच आदल्या वर्षीचा नकाशा सापडला. तिनं विचारलं, “पप्पा, तिथं आल्यावर आपल्याकडं यायला किती दिवस लागतात?” म्हटलं, सगळं सुरळीत असेल तर अडीच-तीन आठवडे. तिचा हिशेब सरळ होता, “मग आपणच तिकडं जाऊन बसू.”

पोरं असं रोज काहीतरी बोलतात. पण मला हे पटलं. आयुष्यभर ज्या बातमीची वाट बघितली ती जिथून येते ते ठिकाण बघावं, आणि नेमक्या त्याच दिवसांत बघावं. दिवाळीत गेलं तर निळं पाणी दिसेल, बातमी नाही दिसणार. शिवाय मे अखेर म्हणजे तिथला हंगाम संपत आलेला, खोल्या स्वस्त. मास्तरच्या खिशाला हेही कारण पुरेसं होतं.

सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच आहे, त्यामुळं चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढं दोन-सव्वादोन तास विमान. चेन्नईहून बोटही जाते, पण तिला तीनेक दिवस लागतात आणि तिच्या तारखा आधी पक्क्या नसतात. उतरलो ते पोर्ट ब्लेअरला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचं सरकारी नाव श्रीविजयपुरम झालं. तिथून सरकारी बोटीनं नील बेटावर. त्याचं नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे, पण धक्क्यावरचा माणूस अजून नीलच म्हणतो. सगळी मिळून पाच गावं. त्यांतल्या चारांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. लेक म्हणाली, शत्रुघ्नाला विसरले वाटतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना साठच्या दशकाच्या शेवटी इथं जमिनी देऊन वसवलं. त्यांतल्याच एका घराची मागची खोली आम्ही घेतली. घरच्या बाईंना आम्ही दोघंही दीदी म्हणायचो. तिथं सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, त्यामुळं अडलं नाही. बेटावर भाजी भरपूर पिकते, म्हणून आमच्यासारख्या शाकाहारी घरातल्यांचेही खाण्याचे हाल झाले नाहीत.

“तिकडं गार असतं का ओ?” नाही. पारा तिशीच्या थोडा वर, म्हणजे सोलापूरपेक्षा दहा-बारा अंशांनी कमी, आणि तरी जीव नकोसा होतो. आपल्याकडची हवा कोरडी. घाम सुटतो तसा उडून जातो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलर चालतो तोही त्याच तत्त्वावर. बेटावरची हवा आधीच बाष्पानं भरलेली, तिला आणखी पाणी नको असतं. घाम अंगावरच राहतो. कूलर तर मला अख्ख्या बेटावर कुठं दिसला नाही. बायकोनं दिलेली कडक भाकरी सोलापुरात महिनाभर कुरकुरीत राहते, ती तिथं तिसऱ्या दिवशी रुमालासारखी दुमडली. धुतलेली सोलापुरी चादर तर आम्ही जाईपर्यंत पुरती वाळली नाही. शेंगाचटणी मात्र टिकली, कारण दीदींच्या घरानं ती पहिल्या आठवड्यातच संपवली.

घड्याळाचीही गंमत. भारतभर वेळ एकच, पण नील बेट आपल्यापासून जवळजवळ १७ रेखांश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तासापेक्षा जास्त फरक पडतो. तिथं पहाटे पाचला सूर्य वर आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत खाली. सव्वासहाला आईचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा इकडं काळोख आणि तिकडं खिडकीतून ऊन आत आलेलं. पहिल्यांदा लेकीनं फोन अंधाराकडं धरून आईला घाबरवलं. मग आईनंही फोन उन्हाकडं फिरवून दाखवला आणि म्हणाली, “ये, घेऊन जा थोडं.”

दिवसभर काय करायचो, तर ओहोटीची वाट बघायचो. मी दाते पंचांग बरोबर नेलं होतं. ते आमच्या सोलापुरातच निघतं, पण समुद्रासाठी उघडायची वेळ मात्र पहिलीच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती उंच आणि ओहोटीही लांबवर. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही बेताचीच. आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. दोन दिवसांत लेक पंचांग बघून दुसऱ्या दिवशीची वेळ सांगायला लागली. पहिल्यांदा चुकली तर दीदींचे सासरे हसायचे. नंतर तेच तिला विचारायला लागले, पण ते बहुतेक तिचं मन राखायला.

पाणी मागं गेलं की किनाऱ्यावर शंखातले खेकडे निघायचे. या खेकड्याची पाठीमागची बाजू मऊ, उघडी असते, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख पांघरून फिरतो. अंग वाढलं की शंख अपुरा पडतो आणि मग मोठा शोधावा लागतो. लेकीनं तीन रिकामे शंख वाळूत ओळीनं मांडले आणि पोटावर पडून राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक आला. त्यानं मधल्या शंखाच्या तोंडात नांगी घातली, आत चाचपलं, शंख गोल फिरवून बाहेरूनही बघितला. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस असंच करतो. मग क्षणभरात जुन्यातून बाहेर आणि नव्यात आत. गुलाबी, वळलेलं, ओलं अंग डोळ्यांपुढून गेलं एवढंच. त्यानं सोडलेल्या शंखाकडं लगेच दुसरा बारका खेकडा धावला. लेकीला एक शंख सोलापूरला आणायचा होता. दीदींनी सांगितलं, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि प्रवाळ तर मेलेलं पडलं असलं तरी उचलायचं नाही, वन्यजीव कायदा लागतो. तिला कायद्यापेक्षा तो बारका खेकडा जास्त पटला असावा. शंख तिनं ठेवून दिले.

भरतपूरच्या किनाऱ्यावर तळाला काच बसवलेली नाव आहे. तिच्यातून प्रवाळ बघितलं. रंगीत होतं, पण मध्ये मध्ये पांढरी फटक बेटंच्या बेटं. नावाडी म्हणाला, या वर्षी पांढरं फार झालं. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, आणि रंग तर त्या शेवाळाचाच. जगभरात प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट चालू असल्याचं त्याच एप्रिलमध्ये जाहीर झालं होतं. उन्हाळा पाण्याखालीही चढतो, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

पण मला अचंबा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथंही पाण्याची ओढ! वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं साडेपाचशे ते सातशे पडला तर साखर वाटावी. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये पोर्ट ब्लेअरमध्ये नळाला पाणी काही दिवसांआड येतं. जागा इवलीशी, पाऊस पडला की घटकाभरात समुद्रात. साठवायला मोठं धरण कुठून आणणार? जानेवारी ते एप्रिल जवळजवळ कोरडे. नीलवर विहिरीचा तळ दिसत होता. दीदी भांडी घासलेलं पाणी वांग्यांना घालायच्या. त्यांनी बादलीत पाणी किती आहे ते बघण्यासाठी मान वाकडी केली की मला आमचं घर आठवायचं. सासरे रोज संध्याकाळी अंगणात येऊन नैऋत्येकडं बघायचे. मीही त्यांच्या शेजारी उभा राहायचो. तोवर माझी समजूत होती की वाट बघणारे आपणच, अंदमानवाल्यांना सगळं आयतं मिळतं.

१९ मेला हवामान खात्यानं मान्सून निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्रात पोचल्याचं जाहीर केलं. बायकोनं पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवला, तो नेटवर्क सापडल्यावर दुपारी दिसला. लेक अंगणात धावली. अंगणात लख्ख ऊन. “खोटं आहे का पप्पा?” सासरे म्हणाले, तीन-चार सरी आधीच येऊन गेल्यात, पण तो हा नाही. वारा फिरू दे. आणि खरंच, ओळख वाऱ्यावरूनच पटली. आधी कसाही वाहणारा वारा एका बाजूनं धरून वाहायला लागला, लक्ष्मणपूरकडचं पाणी काळसर होऊन आपटायला लागलं, नावा ओढून वर घेतल्या. मग एका रात्री पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की बोललेलं ऐकू येईना. दीदी, सासरे, मी, लेक, सगळे उठलो आणि मिळेल ते भांडं पन्हाळीखाली लावलं. पिंप, घागरी, पातेली, शेवटी आमचा स्टीलचा डबासुद्धा. त्या कामाचं शिक्षण आम्हाला द्यावं लागलं नाही.

पत्र्याखाली उभी राहून लेकीनं दोन-तीनदा नाक ओढलं. “पप्पा, वास कुठंय?” वास नव्हताच. महिनोन्‌महिने भाजलेल्या जमिनीवर पाणी पडलं की तो वास उठतो. बेटावरची माती तेवढी सुकतच नाही. दीदींना मी तो वास कसा असतो ते सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मान हलवली, पण समजल्यासारखं दिसलं नाही.

सकाळी दुसरा प्रश्न, “हे ढग आता सोलापूरला जाणार ना?” इथं मास्तर जागा झाला. नाही जाणार. मान्सूनच्या दोन शाखा. हे ढग बंगालच्या उपसागराच्या शाखेचे, ते म्यानमार, बंगाल, ईशान्येकडं निघाले. आपला जूनचा पाऊस अरबी समुद्राच्या शाखेचा. तो सह्याद्रीवर आपटून रिकामा होतो आणि उरलंसुरलं आपल्याकडं येतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग सांगितलं, आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि त्यातला बराचसा याच उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळं. म्हणजे हे नाही, पण यांचे भाऊबंद येतात. यावर ती म्हणाली, “मग पेपरवाले सप्टेंबरचं का नाही छापत?”

त्याच आठवड्यात उपसागरात ‘रेमल’ वादळ तयार झालं आणि बंगालकडं गेलं. दीदींचं माहेर तिकडं, त्या दोन दिवस फोनला चिकटून होत्या. आमच्याकडं नुसता पाऊस आणि खवळलेलं पाणी, पण बोटींचं काही खरं नव्हतं. म्हणून मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना एवढंच सांगतो, परतीच्या विमानाआधी तीन-चार दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये हाताशी ठेवा. आम्ही ते ठेवले होते. त्यातलाच एक दिवस सेल्युलर जेलला दिला. सगळे विचारतात म्हणून, हो, सावरकरांची कोठडी बघितली. सात बाजूंपैकी तीनच उरल्यात. लेकीनं तिथल्या माणसाला आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं धडाधड म्हणून दाखवली. त्यांना फाशी येरवड्यात झाली, इथं नाही, हे मी तिला नंतर बाहेर आल्यावर सांगितलं.

आणखी काय लागतं ते विचारतात. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाजतं, खोबरेल तेल लावून बसा. मगरीचा फलक दिसला तर पाण्यात उतरू नका, तो शोभेसाठी लावलेला नसतो. ऑक्टोबर ते एप्रिल पाणी नितळ असतं, ज्यांना फोटो हवेत त्यांनी तेव्हाच जावं. कडक भाकरी नेऊ नका.

आम्ही परत येईपर्यंत जूनचा पहिला आठवडा उलटला होता आणि पाऊस सोलापूरपर्यंत पोचला होता. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, कुठून आलाव? लेकीनं सांगितलं, अंदमानहून. तो म्हणाला, “मग आधी का नाही पाठवलाव ओ पाऊस?” तिनं त्याला दोन शाखा समजावायला सुरुवात केली. सात रस्ता चौकापर्यंत ती अरबी समुद्रातच होती.

पुन्हा जाणार का, हाही प्रश्न असतोच. बायको म्हणते, आता तिची पाळी. तिला निळं पाणी बघायचंय, म्हणजे डिसेंबर. डिसेंबरात मला सुट्टी नाही, त्यामुळं त्या दोघी जातील आणि पाणी आलेल्या दिवशी इथं मी एकटाच भरेन.