सोलोलाचे जाकीट : कापड तयार, आता पाठीवरचे वटवाघूळ

ग्वातेमालातील आतित्लान सरोवराच्या वरच्या अंगाला वसलेल्या सोलोला गावातील काक्चिकेल माया या मूलनिवासी समाजातील पुरुष जे आखूड लोकरी जाकीट घालतात, त्याच नमुन्याचे जाकीट मी बनवत असून त्याचे कापड मागावरून उतरून आटवण्याच्या, म्हणजे लोकर भिजवून-तुडवून घट्ट करण्याच्या, टप्प्यातून पार पडले आहे. आपल्यापैकी अनेकांचा माया विणकामाशी परिचय कंबरेला बांधायच्या मागापासून होतो आणि त्यावर स्त्रिया विणतात त्या सुती कापडाचे चारही काठ पक्के असल्याने त्याला सहसा कात्री लावावी लागत नाही. जाकिटाची गोष्ट निराळी आहे. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग ही दोन्ही स्पॅनिश राजवटीबरोबर आली, या मागावर प्रामुख्याने पुरुष बसू लागले आणि बाह्या-गळपट्टीची बेतणीही युरोपीय कोटावरूनच घेतलेली आहे.

लोकरीचे धागे एकमेकांना बिलगतात, म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, आपल्या घोंगडी विणणाऱ्यांप्रमाणे चिंचोक्याची पातळ खळ कुंच्याने फिरवली. सोलोलात ही रीत नाही, परंतु दख्खनी मेंढीची राठ लोकर वापरायची असेल तर तिच्यावाचून निभाव लागणे कठीण. ग्वातेमालातीलच मोमोस्तेनांगो या गावी आटवण्यासाठी घोंगड्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेऊन तुडवतात. मी तेच काम न्हाणीघरात पायांनी केले. कापड रुंदीत चांगलेच आटले, विणीच्या फटी बुजल्या आणि कापलेली कड चिमटीत ओढली तरी धागा सुटेना. जाकीट शिवण्यायोग्य कापड ते हेच, असे माझे मत आहे. न आटवलेल्या लोकरीवर बेतणी करण्यात अर्थ नाही.

आता काळ्या गोफाचे काम सुरू आहे. पाठीवर या गोफाने रेखलेली जी आकृती असते, ती वटवाघळाची असून काक्चिकेल राजघराण्याचे चिन्ह मानली जाते. स्पॅनिश सैन्य १५२४ मध्ये काक्चिकेलांची राजधानी इशिमचे येथे पोहोचले, त्या काळाशी या चिन्हाचे नाते जोडले जाते. परक्या बेतणीच्या वस्त्रावर आपली खूण मिरवण्याचा हा प्रकार मला मूळ विणीपेक्षाही अधिक विलक्षण वाटतो. यंत्रावरच्या भरतकामाने ती आकृती झटपट उमटते खरी, पण सपाट दिसते. गोफ मात्र वळणावर किंचित उभा राहतो, म्हणून तो हातानेच, आतल्या कडेचे टाके आधी घेऊन, बसवत आहे. पंखांची टोके झाली की बाह्या जोडायला घेईन.