काकांची लेझीम

शनिवार, रात्री

कोलशेतच्या सोसायटी हॉलमधल्या नृत्योपचाराच्या वर्गातून आत्ताच आलो. काका जेवून लगेच आडवे झालेत.

काका मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी यांचं उत्तर ठरलेलं: "एकदम ओके, सर." रात्री दचकून उठतात, दाराकडे पाठ करून कधी बसत नाहीत. घरात आम्ही याला वर्षानुवर्षं तापट स्वभाव म्हणत आलो. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर मागे राहिलेला आघात, हे निदान तरी अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत आलं ते १९८० साली. आमच्या घरापर्यंत यायला आणखी बराच वेळ गेला.

"नाचायला नेतेस होय मला?" म्हणून वाटेत कुरकुर चालू होती. हॉलमध्ये सगळे गोल करून उभे. एकाने हालचाल करायची, बाकीच्यांनी तशीच करायची, एवढंच. काकांची पाळी आली आणि त्यांनी कदमताल सुरू केला! मग निवृत्त नौसैनिक, एका सुभेदारांच्या पत्नी, मी, सगळ्यांचे पाय त्यांच्या मागे. कुणी हसलं नाही.

शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, ही पद्धत मॅरियन चेस या अमेरिकन नर्तकीची. १९४२ पासून ती वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम करू लागली. तिथे दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिकही होते. जो बोलत नाही, त्याच्या हालचालीला आधी आपल्या हालचालीने उत्तर द्यायचं. मला हे पटलं. फौजेत उभी हयात गेलेल्या माणसाला सगळ्यांसोबत पाऊल टाकणं कुणी शिकवायला नको, मनातलं बोलणं मात्र कुणी शिकवलेलंच नसतं.

नंतर लेझीम निघाली. काका साताऱ्याकडचे, शाळेत खेळलेले. मला धास्ती होती, कारण गणपतीत ढोल-ताशा गल्लीत शिरला की ते बाथरूममध्ये जाऊन बसतात. पण तो आवाज अंगावर येतो. हा त्यांच्याच हातात होता. मध्येच त्यांनी लय उतरवली, अगदी संथ केली, आणि अख्खा गोल त्यांच्यासोबत संथ झाला.

गोळ्या चालूच राहणार, मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीखही पाळायची आहे. ताईंनीच बजावलं, हे उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. बरं वाटलं, नाहीतर हल्ली जो तो चमत्कार विकायला बसलेला.

जेवताना काका काकूला म्हणाले, "पुढच्या शनिवारी तू पण चल."

"आणि माझे गुडघे?"

"बसून खेळ."