लाइट आली, नेट नाही: राउटरचा बग कळवायचा कुणाला?

आषाढात गुहागर-मालवण पट्ट्यात लाइट दिवसातून दोन-चारदा जाते. परत आली की होमस्टेचं वायफाय दिसतं, पण नेट चालत नाही. राउटरमध्ये एनक्रिप्टेड डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा, पण कुलूपबंद) लावलेलं असेल, तर आधी राउटरच्या घड्याळावर संशय घ्या. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. चालू होताना तारीख मागची धरली जाते, मग डीएनएस सर्व्हरचं ओळखपत्र तपासताना ‘हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही’ म्हणून डीएनएस अडतं. डीएनएस अडलं की एनटीपी (नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता मिळत नाही, आणि वेळ चुकीचीच राहते. एनटीपीच्या रकान्यात नावाऐवजी आयपी पत्ता घालून पाहा. नेट सुरळीत झालं तर रोग सापडला.

आता तक्रार. सेटिंगच्या पानावर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ (राउटरसाठीचा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प) दिसलं म्हणून तिकडे धावू नका. चिप बनवणाऱ्याने बहुधा त्याची जुनी आवृत्ती उचलून त्यात स्वतःचे ड्रायव्हर घातलेले असतात, वर राउटर कंपनीने आपली डागडुजी केलेली. तो कोड मूळ प्रकल्पाकडे नाहीच, ते बिचारे काय दुरुस्त करणार? फर्मवेअर (राउटरच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) ज्याने बांधलं, बग आधी त्याला कळवायचा. आवृत्तीच्या आकड्यावरही विसंबू नका, आकडा तोच ठेवून आतला माल बदललेला असू शकतो.

मूळ प्रकल्पाकडे जायचंच असेल तर त्यांचं शुद्ध फर्मवेअर चढवून बग पुन्हा दाखवावा लागतो. मॉडेल हार्डवेअर रिव्हिजनसकट जुळवा. व्ही१ आणि व्ही२ आतून साफ वेगळे निघू शकतात, चुकीची इमेज (फर्मवेअरची फाइल) चढवली की राउटर निकामी, नुसती वीट. जुन्या सेटिंग्ज आणू नका, हातानेच भरा. कंपनीच्या फर्मवेअरवर परतायची वाट आधी बघून ठेवा. आणि राउटर इन्व्हर्टरवर असल्याशिवाय हे काम पावसात नकोच. बग राहिला तर ओपनडब्ल्यूआरटीच्या गिटहबवर (कोड ठेवायची आणि बग नोंदवायची साइट), गेला तर कंपनीकडे.

लिनक्सच्या लॅपटॉपवरही हाच न्याय: उबंटूत ‘उबंटू-बग’, डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ या कमांड तक्रार योग्य दारी नेतात. सुरक्षेचं भोक असेल तर मात्र उघड्यावर लिहू नका, खासगीत कळवा.

राउटरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये असतो, रीस्टार्ट केला की गेला. म्हणून ‘एकदा बंद करून चालू कर रे’ असं घरातलं कुणी म्हणायच्या आत ‘लॉगरीड’ या कमांडने दिसणारा मजकूर फाइलमध्ये उतरवा, आणि पाठवण्याआधी त्यातलं पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम व मॅक पत्ते (उपकरणांचे ओळख क्रमांक) पुसा.