रात्रीच्या डोंगररांगेत वेळ जातो कुठे? माझा अनुभव

रात्रभर डोंगररांग चालायची म्हटलं की सगळे अंतर मोजत बसतात. 5 किलोमीटरला 1 तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा 1892 सालचा हिशोब कागदावर ठीक आहे. पण त्यात थांबणं धरलेलंच नाही, आणि माझं डोकं फिरतं ते तिथेच.

चढाचं आणि धारेवरच्या चालीचं काही विशेष नाही. घोडं अडतं ते खिंडीत उतरणाऱ्या कातळटप्प्यावर. दोर एकच, त्यावर एका वेळी एकच माणूस. प्रत्येकी 6 मिनिटं धरली तरी 10 जणांचा तास गेला. पहिला खाली कुडकुडतो, शेवटचा वर. खिंडीत वारा नरसाळ्यातून आल्यासारखा येतो, घामेजलेला टी-शर्ट बघता बघता गार पडतो. म्हणून रांग लागायच्या आधी, अंग गरम असतानाच कोरडा टी-शर्ट आणि जॅकेट चढवावं. दात वाजायला लागल्यावर सॅक उपसणारे सगळ्यांनाच ताटकळत ठेवतात. उतरलेल्यांनी दोराखाली घोळका करू नये, बाजूला आडोसा धरावा. दगड सुटला तर फक्त ‘दगड!’ ओरडायचं, ‘अरे बघ बघ’ नाही.

एवढा वेळ का लागतो? बऱ्याचदा हेडलॅम्पमुळे. कपाळावरचा उजेड नजरेच्याच रेषेत पडतो, सावल्या दिसतच नाहीत, खाच आणि सपाट कातळ सारखेच वाटतात. तोच दिवा कमरेच्या पट्ट्याला लावा. खाचेत सावली पडते आणि पाय कुठे टेकवायचा ते कळतं. धुक्यातही हाच उपाय. आणि वाट दाखवणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत झोत मारू नये, डोळे पुन्हा अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं जातात.

पहिला आणि शेवटचा, दोघेही जाणते हवेत. घाबरणाऱ्याला दुसरा उतरवा. त्याला शेवटी ठेवलं की वर उभा राहून तो आणखीच घाबरतो.

पाणी राहिलंच: तासाला साधारण अर्धा लिटर, गारव्यात तहान लागत नाही तरी. जादा बॅटरी सॅकच्या वरच्या कप्प्यात नको, अंगालगतच्या खिशात ठेवा; थंडीत ती लवकर मान टाकते. शिट्टी प्रत्येकाकडे हवी. मिनिटात 6 वेळा म्हणजे मदत हवी, 3 वेळा म्हणजे ऐकलं.

वेळापत्रक मात्र या कातळटप्प्यापासून मागे मोजत करा. तो उजाडल्यावर यायला हवा, मग निघायला 2 तास उशीर झाला तरी चालेल. ‘लवकर निघू, लवकर पोचू’ म्हणणाऱ्याला दोराच्या रांगेत शेवटी उभं करा.