गार्टर साप ओळखायचाय? रंग सोडा, खवले मोजा

गार्टर साप म्हणजे उत्तर अमेरिकेतला, बहुधा पट्टेरी साप. अशाच एका सापाच्या एप्रिलमध्ये पाठवलेल्या नोंदीचं उत्तर मला अकरा आठवड्यांनी आलं, तेही एका ओळीचं: ‘प्रजाती निश्चित करता येत नाही.’ का येत नाही, फोटोत काय कमी पडलं, पुढच्या वेळी नेमका कशाचा फोटो काढू, यातलं काहीच त्यात नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचे एवढे आठवडे फुकट जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

मी वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला राहते. घराजवळच्या पाणथळ जागेतल्या प्राण्यांच्या नोंदी करायला स्वयंसेवक हवे होते, मी नाव दिलं. नियम कडक होता: सापाला हात लावायचा नाही. बघायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा.

पहिला साप ब्लॅकबेरीच्या जाळीजवळ, एका कुजलेल्या ओंडक्यावर ऊन खात पडला होता. काळपट अंग आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला सुंदर निळसर पट्टा. फॉर्ममध्ये ‘पट्ट्याचा रंग’ हा रकाना सक्तीचा होता. मी निळसर निवडलं आणि फॉर्मनेच पुढे नाव सुचवलं: कॉमन गार्टर, प्युजेट साउंडची (म्हणजे सिअ‍ॅटलजवळच्या खाडीच्या भागातली) उपजाती. या उपजातीचे पट्टे खरोखरच निळसर-हिरवट असतात, त्यामुळे मला शंका येण्याचं कारणच नव्हतं. मी ‘पाठवा’ दाबलं.

इथे गार्टर सापांच्या तीन प्रजाती एकाच गवतात सापडतात: कॉमन, नॉर्थवेस्टर्न आणि वेस्टर्न टेरेस्ट्रियल. त्यातला नॉर्थवेस्टर्न रंगाच्या बाबतीत कुठलाच नियम पाळत नाही. त्याचा पट्टा लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा किंवा निळा असू शकतो, काहींना पट्टाच नसतो. एकाच आईची एका वेळची पिल्लंसुद्धा वेगवेगळ्या नक्षीची निघतात. कॉमन गार्टरही कमी नाही. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळची त्याची उपजाती लाल, काळ्या आणि निळसर पट्ट्यांची, तर ईरी सरोवराच्या काठी याच प्रजातीचे संपूर्ण काळे साप सापडतात. हे सगळं मी नंतर वाचलं. फॉर्मने रंग विचारण्याऐवजी यातली एक ओळ सांगितली असती तर माझा एप्रिल ते जुलै वाचला असता.

मे महिन्यात बाबा चिपळूणहून आले होते. तोच साप त्यांना लांबून दाखवला. ते लगेच म्हणाले, “अगं, ही तर आपली नानेटी!” चूक फार मोठी नव्हती. नानेटी आणि गार्टर एकाच उपकुळातले, दोघांच्याही अंगावर लांब पट्टे आणि मधोमध कंगोरा असलेले खरखरीत खवले. नानेटी अंडी घालते, गार्टर मात्र थेट पिल्लांना जन्म देतो, हे सांगितल्यावर बाबा आणखीच रस घेऊ लागले. पुढचं बरंचसं काम त्यांच्यामुळे झालं.

दुसरी नोंद मी जुलैत पाठवली. या वेळी ओठांचा फोटो होता. वरच्या ओठाचे खवले मोजणं ही पहिली खरी कसोटी. नाकाच्या टोकावरचा एकटा खवला सोडायचा आणि त्याच्या पुढून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत मोजत जायचं. वेस्टर्न टेरेस्ट्रियलला सहसा ८ भरतात, बाकी दोघांना सहसा ७. यासाठी डोकं अगदी बाजूने, नाकापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत स्पष्ट यायला हवं. वरून काढलेल्या फोटोचा काडीचाही उपयोग नाही. माझ्याकडे असे चाळीस तरी वरून काढलेले फोटो होते. सकाळी ऊन नुकतंच पडलेलं असताना साप अंग तापवत असतो, हलत नाही. तेव्हा जमिनीवर पालथं पडून फोन त्याच्या डोक्याच्या उंचीला धरायचा. आपली सावली त्याच्यावर पडली की तो गेलाच.

दोन्ही बाजूंना ७ खवले आले. आता नोंद मंजूर होणार या खात्रीने मी पाठवली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तीच ओळ आली. वेस्टर्न टेरेस्ट्रियल बाद झाला होता, पण कॉमन की नॉर्थवेस्टर्न हे ठरत नव्हतं, हे मला स्वतःच शोधून काढावं लागलं. तपासणाऱ्या माणसाला ते नक्की ठाऊक होतं. दोन शब्द जास्त लिहायला त्यांना किती वेळ लागला असता?

या दोघांतला फरक अंगावरच्या खवल्यांच्या ओळींत आहे. शरीराच्या मध्यावर कॉमनला साधारण १९ ओळी, नॉर्थवेस्टर्नला १७. हात न लावता हे मोजणार कसं? साप जमिनीला चिकटलेला, खालच्या ओळी गवतात. मी आठवडाभर फोटो मोठे करून करून मोजत बसले. कधी १६ यायचे, कधी १८.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याच ओंडक्यावर साप दिसला तो दुधाळ डोळ्यांचा. कात टाकण्याआधी डोळे असे होतात. त्याचे फोटो काढले आणि रोज जाऊ लागले. सहाव्या दिवशी बाबांनी ओंडक्याच्या फटीत कात पाहिली. ती उचलायची परवानगी विचारली, एवढं उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं.

काढून टाकलेल्या कातीत पट्ट्याचा निळा रंग उरत नाही, खवले मात्र एकूणएक असतात. आम्ही ती जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर पसरली. पोटाच्या रुंद खवल्याला लागून असलेल्या खवल्यापासून सुरुवात करायची, तिरकं वर चढत पाठीवरून पलीकडे उतरायचं. पोटाचा खवला धरायचा नाही. बाबा दाभणाच्या टोकाने एकेक खवला दाखवत मोजत होते. त्यांचे आले १५. माझे १७. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. मग लक्षात आलं की बाबा शेपटीच्या बाजूला मोजत होते आणि मी मध्यावर. या सापांच्या ओळी मागे जाताना कमी होतात: नॉर्थवेस्टर्नच्या १७ च्या १५, कॉमनच्या १९ च्या १७. म्हणजे कॉमन गार्टरची कात चुकून मागच्या बाजूला मोजली तर १७ येतात आणि तुम्ही नाव चुकवता. दोरा लावून आधी शरीराचा मध्य काढा, मगच मोजा. आमच्या कातीला मध्यावर १७, मागे १५, ओठाला ७. माझा निळ्या पट्ट्याचा साप नॉर्थवेस्टर्न होता!

बाबांनी त्या रात्री चिपळूणला फोन करून आईला आकडे वाचून दाखवले.

तिसऱ्या नोंदीत दुधाळ डोळ्यांचे फोटो, फुटपट्टीशेजारी ठेवलेली कात, दोन्ही ठिकाणची मोजणी, सगळं जोडलं. सप्टेंबरअखेर ‘मंजूर’ असं उत्तर आलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. फॉर्ममधला रंगाचा रकाना काढा किंवा निदान ऐच्छिक करा, असं मी त्यांना दोनदा लिहिलं आहे. उत्तर नाही. तिसऱ्यांदा लिहिणार आहे.

खवल्यांचे आकडेही दगडावरची रेघ नाहीत. एखाद्या सापाला एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ८ असतात. म्हणून दोन्ही बाजू मोजा आणि एका खुणेवर विसंबू नका. खाणंही मदत करतं. नॉर्थवेस्टर्न मुख्यतः बिनशंखाच्या गोगलगायी आणि गांडुळांवर जगतो, तेव्हा बेडूक गिळणारा साप दिसला तर तो बहुधा दुसराच असतो. पळण्याची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. एडमंड ब्रॉडी या जीवशास्त्रज्ञाने नॉर्थवेस्टर्नवर केलेलं काम १९८९ आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. पट्टेवाले साप सरळ पळतात, तर पट्टा नसलेले किंवा ठिपक्यांचे मध्येच अचानक उलटे वळतात, आणि नक्षीला साजेशी पळण्याची तऱ्हा असलेले जास्त टिकतात. आमचा ओंडक्यावरचा साप दर वेळी सरळ रेषेतच जाळीत शिरायचा.

कातीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती पायमोजा उलटल्यासारखी आतली बाजू बाहेर निघते आणि वाळली की चुरते. ओढून सरळ करायला जाऊ नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, आपोआप उलगडते. डोक्याचा भाग शेवटी सोडवा, ओठ तिथेच फाटतात.