न्यूट्रल गेला त्या रात्री

मी वडसा लाईनला नाटकांचं साऊंड करतो. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. दिवाळीपासून होळीपर्यंत आमची झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्यातली, नाटकं चालतात, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडला की उजाडेपर्यंत, आणि माणसं अंगावर ब्लँकेट घेऊन बसून राहतात. 2023 ला आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हापासून पुण्यामुंबईचे लोकही जरा विचारायला लागलेत, नाहीतर आम्ही आमचे इकडे सुखात होतो.

तर ही गोष्ट एका जानेवारीतली. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होता गावात, म्हणून गर्दी विचारू नका. धान निघालेल्या बांध्यांमध्येच मंडप टाकलेला, खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली, मागे चहा-भज्यांची दुकानं. मी संध्याकाळी पोचलो, बॉक्स चढवले, माईक लटकवले, आणि जनरेटरवाल्याने केबल जोडून दिली ती मीटर लावून चेक न करताच मेन ऑन केला. का, तर भूक लागली होती आणि मंडळाच्या घरी पंगत बसली होती. हे आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत जायच्या तारेचा, नट-बोल्ट ढिला होता.

न्यूट्रल ढिला असला आणि थ्री फेजवर लोड कमीजास्त झाला की 230 च्या जागी एका फेजला दीडशे जातात आणि दुसऱ्याला साडेतीनशे. रात्री दीडच्या सुमारास तेच झालं. स्टेबिलायझर आधी गेलं, मग मिक्सर, मग दोन्ही अँप. जळक्या बेकेलाईटचा वास आला आणि नायक तोंड हलवतोय पण आवाज नाही असं झालं. कीबोर्ड बंद, ऑक्टोपॅड म्हणजे विजेवरचे ड्रम तेही बंद. मागून ओरडा सुरू, "काहून गा साऊंडवाले, झोपला का?"

दुसरं सामान वडशावरून आणायचं तर अडीच तीन तास जाणार. मंडळाचे अध्यक्ष घामाघूम, एवढ्या थंडीत. तेव्हा आमचे ऑर्गनवाले मास्तर, सत्तरीचे असतील, ते म्हणाले, "आमच्या वक्ती कुठं होता माईक? चालू करा." पायपेटीचा ऑर्गन, तबला आणि क्लॅरिनेट, एवढंच जिवंत होतं.

चालू केलं आणि पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. नट जीव तोडून ओरडतायत, क्लॅरिनेटवाला त्यांच्यावर चढतोय, तबलेवाल्याला वाटतंय आपण ऐकू जात नाही म्हणून तो अजून जोरात. नायिकेचा आवाज दुसऱ्याच गाण्याला फाटला. मी मेलेल्या मिक्सरसमोर बसलेलो, आणि हसू नका, माझी बोटं फेडरवरच होती, आवाज कमीजास्त करायच्या त्या सरकत्या बटनांवर. क्लॅरिनेट वर गेली की बोट आपोआप खाली येई. खाली येऊन काय होणार, डबडं ते.

आणि तिथेच मला मुंबई आठवली.

दोन वर्षांपूर्वी मी लॅमिंग्टन रोडला सामान घ्यायला गेलो होतो. भाचा तिकडे नरिमन पॉइंटला सिक्युरिटीत आहे, तो म्हणे मामा तुमच्या लाईनचं काहीतरी दाखवतो, आणि एनसीपीए म्हणून तिथे नाटक-संगीताचं मोठं केंद्र आहे, त्याच्या जमशेद भाभा थिएटरात घेऊन गेला, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम होता. हा ऑर्केस्ट्रा 2006 ला काढला, मरात बिसेंगालिएव्ह म्हणून कझाकस्तानचे व्हायोलिनवाले आहेत त्यांना सोबत घेऊन. हजार-अकराशे खुर्च्यांचा हॉल. मी शिरल्या शिरल्या वर बघितलं, बॉक्स कुठे टांगलेत? कुठेच नाहीत. मॉनिटर नाही, माईक नाही. स्टेजवर ऐंशीएक माणसं आणि एक वायर नाही! ओबो म्हणून एक बारीक वाद्य असतं, आपल्या सनईच्या जवळचं, त्याने एक सूर धरला आणि सगळ्यांनी त्यावर आपापलं वाद्य लावून घेतलं. आमच्याकडे मास्तर काळी चार दाबून धरतात आणि तबलेवाला हातोडी घेऊन बसतो, तसंच की हो.

त्या दिवशी द्वोरझाक म्हणून एका चेक संगीतकाराची न्यू वर्ल्ड सिम्फनी होती. 1893 ची, पहिल्यांदा न्यूयॉर्कला वाजली होती. मला त्यात दोन माणसं खटकली. एक झांजवाला. तो बसूनच. पाऊण तासाच्या त्या सिम्फनीत झांजेचा ठोका एकच आहे, शेवटच्या भागात, तोही हळूच, कान देऊन ऐकला नाही तर हुकतो. मी भाच्याला म्हणलं, याला पूर्ण पैसे मिळत असतील का रे? आणि दुसरा कंडक्टर. सगळ्यात पुढे उभा, सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच, आणि हा बाबा स्वतः एक आवाज काढत नाही. म्हणलं फुकटचा माणूस आहे.

त्या रात्री तणशीवर बसून डोक्यात उजेड पडला की अरे तो ऑपरेटर आहे! मिक्सर नसलेला ऑपरेटर. डावा हात खाली केला की पितळी वाद्यं खाली, बोट दाखवलं की ती बासरी वर. माझंच काम करत होता तो, फक्त त्याचे फेडर जिवंत माणसं होती.

उठलो. पहिलं काम जनरेटर बंद करायला लावला, तो नाहीतरी आता फक्त लाईटपुरता होता. शेजारच्या घरातून लाईन घेऊन चार एलईडी लावले. जनरेटर थांबला आणि जे शांत झालं ना, लांब बैलाच्या गळ्यातली घाटी ऐकू आली. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी अर्धा आवाज त्या इंजिनशी भांडायलाच वापरत होतो.

दुसरं म्हणजे तणस. मुंबईहून आल्यावर मी मोबाईलवर बरंच वाचत बसलो होतो, त्यात सॅबिन म्हणून हार्वर्डच्या एका प्रोफेसराचं वाचलं होतं. 1895 च्या सुमारास त्यांच्याकडे एक हॉल होता ज्याच्यात लेक्चर कोणाला समजायचंच नाही, इतकं घुमायचं. हा माणूस रात्री रात्री दुसऱ्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज मरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजायचा. गाद्या आवाज पितात, माणसंही पितात. 1900 ला बॉस्टनचा सिम्फनी हॉल याच हिशोबावर उभा राहिला. आता आमच्याकडे बघा, खाली तणस, बाजूला कनात, मागे कापडी पडदा, वर ब्लँकेट घेतलेली दोनतीन हजार माणसं. घुमायचा प्रश्नच नाही, उलट सगळं पिऊन टाकणार. म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेची तणस पोरांकडून ओढून काढली, नटांना एकदम पुढे आणलं, आणि मेकअप रूमला लावलेल्या दोन प्लाय त्यांच्या मागे उभ्या केल्या, सीनमध्ये नव्हत्या पण कोण बघतंय. थंडी मात्र आमच्या बाजूने होती. जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा ऊबदार असली की आवाज वर उडून न जाता खाली वळतो, दूर जातो. रात्री पल्याडच्या गावचं भजन ऐकू येतं ते त्यामुळेच.

मग मी वादकांच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलो आणि हात चालू केले. तळहात खाली म्हणजे दाबा. क्लॅरिनेटवाले काका आधी भडकले, "तू मले शिकवतं का बे?" पण संवाद सुरू झाला, मी हात खाली नेला, आणि त्यांनी इतका बारीक सूर धरला की नायिका कुजबुजली ते मला पाठीमागच्या बायकांच्या हुंदक्यावरून समजलं. तो सूर माझ्या कुठल्याच माईकने आजवर पकडला नव्हता. किंवा मीच कधी तसा वाजू दिला नव्हता.

राहिला ऑक्टोपॅडवाला पोरगा. एकोणीस वर्षांचा. तो तोंड पाडून बसलेला, वाजवायला काहीच नाही. मी त्याला पंगतीतली मोठी पितळी परात आणि लाकडी पळी दिली आणि सांगितलं, बाप मरतो तिथे एकच ठोका, त्याच्याआधी हात लावला तर बघ. ते पोरगं अडीच वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत मांडीवर परात घेऊन बसलं. चहा आला तरी घेतला नाही. आणि पाचला बाप पडला, मी बोट दाखवलं, आणि त्याने दिला. मागच्या बांधीतलं कुत्रं उठून पळालं. द्वोरझाकच्यासारखा हळू काही नव्हता तो, पण असू दे.

सकाळी हिशोबाला बसलो. निर्माते भाऊ म्हणाले, ऑक्टोपॅडची अर्धी नाईट, म्हणजे रात्रीचे अर्धे पैसे, कापतो, पोरगं रात्रभर बसूनच होतं. मग मी त्यांना मुंबईचा झांजवाला सांगितला, पूर्ण, एकाच ठोक्यासकट. भाऊंनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, म्हणाले, "बरं, पोराले पूर्ण देतो. पण मले सांग, तिकडं मुंबईले न्यूट्रल कोण चेक करते?"

पोराला पूर्ण नाईट मिळाली. माझी कापली.