रोबोचा खांदा

आजचा अख्खा दिवस थ्रीडी अ‍ॅनिमेशनमधल्या रोबोच्या खांद्यात गेला. कागदावर झकास दिसणारं पात्र रिगमध्ये, म्हणजे त्याला हलवणाऱ्या आतल्या हाडांच्या सांगाड्यात, आलं की सगळ्यात आधी इथेच अडतं. कातडी ताणली जाते, पत्रा ताणला जात नाही. हात ९० अंशांच्या वर गेला की दंड छातीत किंवा मानेत घुसतो. म्हणून मॉडेलचे बारकावे करण्याआधी नुसत्या ठोकळ्यांवर चार पोझ तपासाव्यात: हात डोक्यावर, हाताची घडी, उकिडवं बसणं, आणि स्वतःच्या चेहऱ्याला हात लावणं. शेवटच्या पोझमध्ये हात हमखास आखूड पडतो.

दंड घुसण्यावर उपाय दोन. सांध्यातली फट वाढवायची, नाहीतर खांद्यावरची ढाल सुटी ठेवून ती दंडाच्या साधारण निम्मी फिरवायची. मला दुसरा जास्त पटतो, कारण खांदे उडवणं आणि खांदे पडणं दोन्ही त्यातूनच मिळतं. प्रत्येक कडक भाग रिगमधल्या एकाच हाडाला पूर्ण १ वेटने (वेट म्हणजे त्या हाडाचा भागावरचा ताबा, ० ते १) बांधायचा. ०.९ राहिलं तरी पत्रा रबरासारखा वाकतो. पिव्हट, म्हणजे भाग ज्याभोवती फिरतो तो बिंदू, बिजागरीच्या खिळ्याच्या बरोबर मध्यावर हवा, नाहीतर कोपर वळताना फट उघडते.

तोंड नसलं तरी चालेल, पण पापण्या हव्यातच! वरची पापणी नाकाच्या बाजूला उतरली की राग, बाहेरच्या बाजूला उतरली की दुःख. पापणीच्या एवढ्या दोन तिरक्या ठेवणींवर अख्खा प्रसंग पेलता येतो.

आणि हो, कडांना बारीकसा बेव्हल, म्हणजे उतार, द्याच. अगदी टोकदार कडेवर उजेड थांबत नाही, मग धातू प्लास्टिकसारखा दिसतो.